शेजारच्या काकू

“ही आमच्या लायब्ररीतली. कपाटं पुसता पुसता पोर्तुगीज शिकली,” मॅडम माइकवरून म्हणाल्या.

हॉल हसला. मीपण हसले.

मॅडम अंधेरीच्या आमच्या कॉलेजात मराठीच्या विभागप्रमुख. मी तिथे लायब्ररीत, कंत्राटावर. माझ्या भाषांतरांचं वाचन त्यांनीच ठेवलं होतं.

पोर्तुगीज मी बोरिवलीत शिकले. आई तिथे एका म्हाताऱ्या गोवेकर मास्तरांकडे धुणीभांडी करायची. शाळा सुटली की मी तिथेच बसायचे. मास्तरांनी आधी अक्षरं शिकवली, मग व्याकरण, मग त्यांचा लाडका कवी. अठराव्या शतकातला, लिस्बनचा. पोरांना शिकवून वैतागलेला शिक्षक. बड्या बायकांचे केसांचे डोंगर, जुगारी, पोकळ डौल मिरवणारे, त्याने सगळ्यांची टर उडवली. त्याच्या चाळीस कविता मी मराठीत आणल्या. सहा वर्षं लागली. तोवर मास्तर गेले.

वाचन झालं. चहा सुरू होता. आई आली होती, ठेवणीतली निळी साडी नेसून. माझ्या शेजारी उभी होती. मॅडमच्या एका मैत्रिणीने विचारलं, “या कोण?”

“शेजारच्या काकू,” मी म्हणाले.

कुणी धाक घातला नव्हता. मला कुणी काही केलं नव्हतं. तोंडून निघून गेलं.

आईने कप खाली ठेवला. “हो, शेजारीच राहते,” म्हणाली. आणि एकटी जोगेश्वरीला घरी निघून गेली.

घरी मी माफी मागितली. ती भाकरी थापत होती. मान वर केली नाही.

“तुझ्या शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहायचे मी. आत का नाही यायचे? मी दिसले की कुणी बघत नाही ना, म्हणून तू इकडेतिकडे बघायचीस.”

मला आठवत होतं.

माझी भाषांतरं मॅडम पुस्तक म्हणून छापून आणणार होत्या. सोमवारी त्यांनी त्याचं पहिलं पान दाखवलं. भाषांतर : त्यांचं नाव. माझं नाव आभारात, तेही आडनाव गाळून. नऊ कविता कापल्या होत्या. त्या विनवणीच्या होत्या. सरदारांकडे नोकरी मागणाऱ्या, घरी बहिणी आहेत, त्यांना पोसायचंय म्हणून.

“यात तो फार लाचार वाटतो गं,” मॅडम म्हणाल्या. “आणि आडनावाचं म्हणशील, तर तुझ्याच भल्यासाठी.”

टेबलावर माझी फाईल होती. त्या नऊ कविता मी त्यातून तिथेच, त्यांच्या टेबलापाशी उभ्याने वाचल्या. दुनियेची टर उडवणारा हा माणूस आपली गरज लपवत नव्हता. घरात कोण आहे ते सरदाराला सांगत होता, आपल्या नावाने. मी चहाच्या टेबलापाशी एक साधं नातं सांगू शकले नाही. कान तापले माझे.

“हे छापायचं नाही,” मी म्हणाले.

“काय?”

“कवितांचं भाषांतर मी केलंय. चाळीसच्या चाळीस. पुस्तक मी परत घेते.”

“नीट विचार कर. जूनमध्ये तुझं कंत्राट संपतंय ना?”

“संपतंय. माहितीय मला.”

फाईल उचलली आणि बाहेर पडले.

जूनमध्ये कंत्राट गेलं. आता मी घाटकोपरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करते. दोन प्रकाशकांनी नकार दिला. आई कामापुरतं बोलते. तिने मला माफ केलेलं नाही, आणि तो तिचा हक्क आहे.

पहिलं पान मी नव्याने टाईप केलंय. माझं नाव, मधे आईचं, मग आडनाव. पूर्ण. यातलं एक अक्षर कापून पुस्तक येणार असेल, तर ते येणार नाही.