जांभळ्या पानांचा कबुलीजबाब

लालबागच्या आमच्या चाळीतल्या दुसऱ्या मजल्यावरील समस्त रहिवाशांस, तसेच माझ्यासारख्या देशोदेशी पांगलेल्या माजी रहिवाशांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, गेल्या वर्षी ऋषिपंचमीला आईने फोनवर गॅलरीभर मिरवलेला केलचा जांभळा पाला माझ्या बागेतला नव्हता. दुकानातला होता.

मी कॅनडाला निघालो तेव्हा टॅक्सी चाळीखाली उभी होती आणि आई वर, तेलाच्या डब्यात लावलेल्या अळवाशेजारी. ती खाली उतरली नाही. तिथूनच म्हणाली, "जमीन मिळाली तर काहीतरी लाव हो." कोकणातलं परस सोडून ती गिरणगावात आलेली. ऋषीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं चालत नाही, सगळं माणसाच्या हातचं लागतं, म्हणून डब्यातली चार पानं ती जिवापाड जपायची.

मला घरामागे वीतभर जमीन मिळायला वीस वर्षं गेली. इथल्या थंडीत अळू तगेना. मग जांभळा केल लावला. कोबीचाच भाऊ, पण गड्डा न धरणारा, बर्फातही ताठ. लगेच आईची चौकशी सुरू.

"बैल नाही ना लावलास?"

"आई, बैल वळणार कुठे इथे?"

"आणि खत?"

"शेणखत."

"शेण चालतं. कष्ट नकोत."

ऐन भाद्रपदात अळ्यांनी सगळा केल फस्त केला. तिला सांगवेना. दुकानातून जुडी आणली, पानं मातीत खोचली आणि व्हिडिओ कॉल लावला. तिकडे गॅलरीत शेजारच्या वहिनींनी विचारलं, "काकू, पानं जांभळी कशी?"

"थंडी गो. पोरांचे ओठ नाय होत?"

मी हसून लोळत होतो. पुढच्या भेटीत खरं सांगायचं ठरवलं होतं. माघात ती गेली. दिवसकार्याला आलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "तुझ्या त्या पाल्याचं काय कौतुक होतं त्यांना."

यंदा पुन्हा लावला. रोज अळ्या वेचल्या. ऋषिपंचमीला मात्र खुडायचा धीर झाला नाही. आता बर्फ पडलाय, टोमॅटो, घेवडा काळे पडलेत, केल उभा आहे. घर कुठलं विचारलं की मी लालबाग म्हणायचो. हल्ली अडखळतो. मातीत खोचलेल्या पानाला मूळ आहे का, हे जिने विचारलं नाही, तिच्यापाशी माझं घर होतं.

आज सकाळी हातमोजा काढून पहिलं पान खुडलं आणि तिथेच चावलं. थंडीने गोड झालं होतं. कुंपणापलीकडचे शेजारी फावडं थांबवून बघत होते, त्यांच्यादेखत तोंडून निघून गेलं, "आई, हे आपलं हां. ह्या वेळी खरंच आपलं."