नवऱ्यानं फाडलेलं जाळं

माझ्या नवऱ्यानं कमरेचा विळा काढला आणि भर तलावात आम्हा सगळ्या ढिवरांचं, मासेमारांचं, मोठं जाळं मधोमध फाडलं. उन्हाळ्यात पाणी आटलं की आमची सगळी घरं मिळून ते जाळं वर्षातून एकदाच ओढत. पावसाळ्यापर्यंतचं पोट त्यावर चाले. मी टोपली घेऊन तलावाच्या पाळीवर, बांधावर, उभी होते. रोहू, कतला उसळ्या मारत पाण्यात गेले. नवरा कमरेएवढ्या पाण्यात थरथरत ओरडत होता, "सोडा! सोडा त्याइले!"

तो ब्रह्मदेशाच्या लढाईवर जाऊन आला होता. तिथं एका खड्ड्यात त्यानं देवाला शब्द दिला होता की मला वाचव, मी पुन्हा जीव मारणार नाही. वाचला. घरी आल्यावर रोज तीनदा आंघोळ, सोमवार, शनिवार, एकादशीचे उपास. ढिवराच्या घरात मासा बंद. आम्ही सासू-सुना परसात चोरून मासे भाजायचो. लोक म्हणत, केवढी भक्ती! मला ती भीतीच दिसायची. उदबत्ती विझली तरी त्याला घाम फुटायचा.

जाळं ओढायला तो कधी येत नसे. त्या वर्षी माणसं कमी पडली म्हणून मीच त्याला पाण्यात उतरवलं. ती चूक माझी.

पंच मोहाच्या झाडाखाली बसले. "याले जातीबाहेर करा," एक म्हणाला. तसं झालं असतं तर तलाव बंद, पोरीचं लग्न बंद, मेल्यावर खांदाही बंद.

सासू पदर खोचून पुढे आली. "मारणार नाई म्हणते थो. विणणार नाई म्हणते काय? फाडलं त्यानं, तर विणून घ्या त्याच्याकडून!"

पंचांना हसू आवरेना. ठरलं की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत फाटलेला भाग नवा विणून द्यायचा, नाही तर जातीबाहेर.

ब्रह्मपुरीच्या बाजारातून सूत आणलं. मी दोरा वळायची, तो गाठी मारायचा. प्रत्येक गाठीला देवाचं नाव. दोन-तीन महिने गेले आणि त्या पुटपुटण्याचा सूर बदलला. कान देऊन ऐकलं तर हा देवाशी भांडत होता. "एवढे उपास करून राह्यलो, तरी तुले खुशी नाई? काऊन बाप्पा?"

सासू म्हणाली, "भांडू दे. तेवढंच तुह्याशी भांडणं कमी."

खरंच कमी झालं. शनिवार सुटला, मग एकादशी सुटली. दुपारी घोरू लागला. खंजेरी घेऊन भजनात बसू लागला. आवाज असा की बुवा म्हणाले, "भाऊ, तुमी नुसती खंजेरी वाजवा." तरी तो गायचाच. मी पाळीवर बसून पोट दुखेपर्यंत हसले आहे.

उन्हाळा आला. जाळं ओढलं आणि नव्या भागातून लहान मासे भसाभस निसटले. भोकं दोन बोटांची हवी होती, ती चार बोटांची निघाली. मी आपली दोरा वळत होते, भोकांकडे पाहिलंच नव्हतं.

"डोये फुटले काय रे? अक्कल लढाईतच ठेवून आला काय?" पंच ओरडले.

"चूक नाई झाली," नवरा म्हणाला. "बोटं लावून विणलं. मोठे घ्या. लहान्याइले जाऊ द्या."

"काऊन?"

"खड्ड्यात आमी चौघं होतो. मी सगळ्यात लहान. वरून गोळे पडून राह्यले होते. तिघाइनं मले खाली दाबलं अन् स्वतः माह्या अंगावर पडले."

इतक्या वर्षांत हे त्यानं मलाही सांगितलं नव्हतं. मग सगळ्यात म्हाताऱ्या पंचानं जाळ्यात हात घातला आणि मांडीएवढा कतला वर काढला.

"मोठे तर आहेत ना? राहू द्या जाळं. घर जातीतच राहीन. हा मासा याच्या मायले द्या, वकिली तिनंच केली."

सासूनं तो ओढूनच घेतला. त्या दिवशी नवऱ्यानं सगळ्यांच्या टोपल्या स्वतः भरल्या. मासा मात्र त्यानं नंतरही कधी खाल्ला नाही. मी विचारलं, ते तिघं कोण होते? म्हणाला, दोघांची नावं माहीत होती, तिसऱ्याचं विचारायचं राहून गेलं.

ते तिघं तिकडेच राहिले. हा जगला.