वहिनीचा पावडरचा डबा

भाचीचा फोन आला तेव्हा मला वाटलं, तोच जुना आजार उलटला. "नाही आत्या, हार्ट…" एवढंच ती बोलू शकली. कॅन्सरला पुरून उरलेल्या सुनंदावहिनीला हृदयाने असा दगा दिला. महिना होऊन गेला, तरी कात्रपला दादाच्या घरी गेले की दारातच पावडरचा वास येईल असं वाटतं.

वहिनीला पावडरचं भारी वेड. आनंदनगरच्या कारखान्यात पॅकिंगला जायची तीसुद्धा मानेवर पांढरे पट्टे ओढून. दादा चिडवायचा, "मशीनला दाखवायला चाललीस का?" पुढे उल्हासनगरला छातीच्या तपासणीला, मॅमोग्राफीला, आम्ही दोघी गेलो, तेव्हा तिने पार काखेपर्यंत पावडर थापली होती! एक्स-रेच्या फोटोत पावडरचे ठिपकेच ठिपके. टेक्निशियन बाई वैतागल्या, "पावडर लगाके आये क्या, ताई? जा, पुसून या."

पुसून आल्यावर तिला थ्रीडी मशीनवर घेतलं. मशीनचा हात कमानीसारखा फिरला आणि कोबीची पानं सुटी करावीत तसे आतले थर एकेक करून पडद्यावर आले. पावडरचे ठिपके गेले होते. पण साध्या फोटोत सावल्यांच्या गर्दीत लपलेली बारीकशी गाठ आता स्पष्ट दिसत होती. वेळेत सापडली, म्हणून वहिनी आम्हाला आणखी कितीतरी वर्षं मिळाली.

बरी झाल्यावर ती आमच्या बुवापाड्यातल्या बायकांना तपासणीला न्यायला लागली. आमच्या बायका दवाखान्यातही नटूनच जाणार. वहिनी बाकावरच ओला नॅपकिन पुढे करायची. "पूस आधी. लाजतेस काय, मी पण हाच शहाणपणा केलाय." तपासून बाहेर आल्या की पर्समधून डबा काढायची, "घे, आता लाव पोटभर." रडकुंडीला आलेल्या बायका हसत घरी जायच्या. दरवर्षी त्यांच्यात मीही असायचे.

गेल्या आठवड्यात मात्र एकटी गेले. खरं तर जाऊच नये असं वाटत होतं. धीर होत नव्हता… भाचीने डबा आणि नॅपकिन हातात ठेवले, मग निघाले. तपासणी झाली, रिपोर्ट यायचा होता. बाकावर बसून डबा उघडला तर तळाशी जेमतेम चिमूटभर पावडर. तेवढ्यात शेजारी एक बाई येऊन बसली. घाबरलेली, आणि मान पांढरीफटक. मी नॅपकिन ओला करून आणला. "पूस आधी," म्हटलं.

ती आत गेली. मी पावडर लावली नाही. ती बाहेर येईपर्यंत डबा हातात धरून बसून राहिले.