सिद्राम रांग मोडत नाही

सात रस्त्याजवळच्या चहाच्या गाड्यावर आम्ही जुने कबड्डीवाले अजून जमतो. गुडघे सगळ्यांचेच गेलेत, त्यामुळे तोंडं तेवढी चालतात! किस्से साठतच जातात आणि त्यातले निम्मे एकट्या सिद्रामचे. पूर्वी पोट धरून हसायचो. हल्ली हसून झालं की कुणीतरी उगाच आणखी एक चहा मागवतो.

*

सिद्राम वळसंगचा, आमचा लेफ्ट कॉर्नर. चढाईला आलेल्याचा घोटा धरायचा, हे त्याचं काम. प्रो लीगच्या निवडीला साहेबांनी विचारलं, "तुझी स्ट्रेंथ काय?"

"धरलं की सोडत न्हाय."

"आणि वीकनेस?"

"त्येच की!"

घेतला ना त्याला!

*

कबड्डीत बाद झालेले मैदानाबाहेर ओळीत बसतात. संघाला पॉइंट मिळाला की जो आधी बाद झाला तो आधी उठून आत जातो. एका फायनलला आमचे कोच अण्णा घाईत सिद्रामला म्हणाले, "ऊठ, जा आत!" हा जागचा हलेना.

"आदी ह्यो बाद झालाय," माझ्याकडे बोट. "रांग मोडायची न्हाय, अण्णा."

मी आत गेलो आणि पहिल्याच चढाईत परत बाद झालो! सिद्रामनं सरकून मला शेजारी जागा दिली.

*

घोटा धरायचा म्हणजे डोकं समोरच्याच्या गुडघ्यापाशी न्यावं लागतं. लीगमध्ये एकदा असा गुडघा बसला की गडी उठला आणि थेट दुसऱ्या संघाच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला! सगळं स्टेडियम हसलं. अण्णांनी बाजूला घेऊन बोटं दाखवली, "किती?"

"कुणाची?"

आम्ही पण हसलो. अण्णांनी तोंडावर पाणी मारलं आणि त्याला परत आत पाठवलं. असे गुडघे त्यानं पुढं लई खाल्ले.

*

लीग सुटली. स्पोर्ट्स कोट्यातून ऑफिसात लागला, पण संध्याकाळी घरचा रस्ता सापडेना. बायको महादेवी त्याला दवाखान्यात घेऊन गेली, मी सोबत होतो. डॉक्टरांनी विचारलं, "खेळताना कधी बेशुद्ध पडला होतात?"

"आठवत न्हाय की, सायेब!"

महादेवीसुद्धा हसली. मग डॉक्टर म्हणाले, जे गेलं ते परत येणार नाही, आणि आहे तेही हळूहळू जाईल. ती बाहेर जाऊन बाकावर बसली. मला तिच्याकडे बघवेना.

*

गेल्या महिन्यात अण्णा गेले. अंगणात त्यांना ठेवलं होतं, आम्ही खेळाडू भिंतीला टेकून ओळीत बसलो होतो. महादेवी सिद्रामला हाताला धरून घेऊन आली. आता त्याला माझं नावही येत नाही. त्यानं अण्णांकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि मुकाट्यानं ओळीत माझ्या शेजारी येऊन बसला.

थोड्या वेळानं कुणीतरी म्हणालं, "चला, खांदा द्यायला उठा." मी उठलो तर सिद्रामनं खालून माझा घोटा धरला. तीच पकड! सुटेना.

"बस की खाली," तो म्हणाला. "आदी अण्णा बाद झाल्यात. पैले त्ये उठतील."