नापोगमावशीने पाहिलेले हात

नापोगमावशीच्या हातची ज्वारीची दारू प्यायला व्होल्टा नदीपलीकडची माणसं होडीने यायची आणि शिव्या खाऊन परत जायची. "पिऊन झालं ना? मग उठा. हे काही तुमचं सासर नाही." मुलगा गेल्यावर तिच्या शिव्या थांबल्या. उरलं एकच वाक्य, "त्याची चाल वाजल्याशिवाय मी त्याला निरोप देणार नाही."

गांदा तिचा एकुलता एक. ग्यिल वाजवायचा, म्हणजे काठ्यांनी बडवायच्या लाकडी पट्ट्या, खाली पोकळ भोपळे. आमच्याकडे वादकाला शेवटच्या कार्यात त्याच्याच चालीने पूर्वजांकडे धाडतात. पण गांदा तापाने अचानक गेला, चाल कुणाला न शिकवता. त्याचा मित्र बायुओ पुष्कळ झटला, मात्र मधल्या भागात त्याचे हात अडखळत. सुगी झाली तरी कार्य खोळंबलेलं. कार्य होईपर्यंत मेलेल्याला पूर्वजांच्या वेशीवरच ताटकळावं लागतं.

अशात गोरा साहेब परतला. गांदा असताना त्याने यंत्राची मूठ फिरवत आमची पेरणी, दळण, वाजवणं टिपून नेलं होतं. तेच दाखवायला त्याने दोन खांबांना पांढरं कापड बांधलं.

म्हाताऱ्यांनी मावशीच्या कमरेला चामड्याचा पट्टा बांधून टोक माझ्या, तिच्या शेजारणीच्या, हाती दिलं. मूल गेलेल्या आईला अंत्यविधीत असंच धरून ठेवतात, दुःखाच्या भरात तिने नदी गाठू नये म्हणून.

"हिला का बांधलंय?" साहेबाने दुभाष्याकरवी विचारलं.

"मुलगा येतोय ना तिचा," म्हातारे म्हणाले.

अंधार पडला आणि कापडावर गांदा आला. बसला, हसला, वाजवू लागला. आवाज नव्हता. भोपळ्यांवर सावली हलत होती, दंडावर घाम चमकत होता. मग थट्टेच्या नात्यातली एक बाई, जिला रिवाजाप्रमाणे मेलेल्याचीही चेष्टा करायचा मान असतो, म्हणाली, "मेला तरी केस विंचरायला शिकला नाही." लोक रडता रडता हसले.

बायुओ आपला ग्यिल घेऊन पुढे सरकला. हात पाहून वाजवू लागला आणि थांबला. "उलटं दिसतंय, मावशी. तो माझ्याकडे तोंड करून बसलाय. त्याचा डावा माझ्या उजव्या बाजूला येतो."

मावशीची नजर कापडावरच होती. ती उठून चालू लागली. पट्टा ताणला, तशी मीही मागोमाग निघाले. तिला वाटलं, कापडामागे गेलं की त्याची पाठ दिसेल. लहानपणी ती त्याच पाठीला शेंगतेल चोळायची.

मागे पाठ नव्हती. तिथेही तोंडच होतं, तेच हसू. मावशीने चेहऱ्यावरून नजर खाली, त्याच्या हातांवर आणली. मग ती वळली.

"बायुओ, इकडे ये. इकडून जाड पट्ट्या तुझ्यासारख्याच डावीकडे आहेत."

साहेबाने फीत पुन्हा लावली. बायुओ कापडामागे बसला. वर गांदाचे हात, खाली त्याचे. आधी दोन सूर मागे, मग एक, मग बरोबरीने. समोरच्या लोकांना फक्त गांदा दिसत होता, आणि तो आता ऐकू येत होता. मधला भाग आला. बायुओ अडखळला नाही.

फीत संपली, कापड कोरं झालं. तो वाजवतच राहिला.

मावशीने स्वतःच पट्ट्याची गाठ सोडली. मी अडवलं नाही. ती सरळ म्हाताऱ्यांपुढे जाऊन बसली.

"दिवस ठरवा," ती म्हणाली. "पोराला फार वेळ उभं ठेवलं मी."