झाडूगाडीचा नोआगा

वर्षभर नोआगा काबोरे ट्रकमधून कांदे वाहायचा. देशाच्या सायकल शर्यतीचे दहा दिवस मात्र तो झाडूगाडी चालवायचा. ही गाडी सगळ्यांच्या मागून, शेवटच्या सायकलस्वाराच्या वेगाने जाते. ज्याने हार मानली त्याला आत घ्यायचं, पाठीवरचा क्रमांक सोडवायचा, सायकल टपावर बांधायची. कधी थांबायचं ते स्वाराने ठरवायचं, चालकाने कुणाला अडवायचं नाही; अडवायचंच तर डॉक्टरांनी. सतरा वर्षं नोआगाने हा नियम पाळला.

अठराव्या वर्षी बोरोमो ते कुडुगू या टप्प्यात सेराफँ तोए सगळ्यांच्या मागे पडला. तेवीस वर्षांचा, सामो जमातीचा पोरगा, संघात पहिल्यांदाच. वेळेत पोचला तरच उद्या शर्यतीत राहणार होता. त्याची आई तूगाँहून येऊन कुडुगूच्या रेषेपाशी सकाळपासून बसली होती.

नोआगा मोसी जमातीचा. आमच्याकडे मोसी आणि सामो भेटले की एकमेकांना गुलाम म्हणतात, आणि रागवायची मुभा दोघांनाही नसते. त्यामुळे नोआगाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सामो कुत्रं खातात ही ठरलेली थट्टा सुरू केली.

"ए गुलामा, चढ वर! कुत्र्याचं मुंडकं शिजवून ठेवलंय तुझ्यासाठी."

"तूच खा. माझ्या आजोबांनी तुझ्या आजोबांना दोन कोंबड्या देऊन विकत घेतलं होतं. त्यातली एक लंगडी."

"म्हणूनच अजून तुमची ओझी वाहतोय!"

साबू गावच्या वळणापर्यंत हे असंच चाललं होतं. पुढे झाडं संपली आणि उन्हाने डांबर मऊ झालं.

"काय मालक, झोपलात का?" नोआगा ओरडला.

उत्तर आलं नाही.

"तुझ्या आईला सांगतो, बाजारात न्यायचं गाढव इथेच बसलंय म्हणून!"

सेराफँने मागे वळूनही पाहिलं नाही. त्याची मान कोरडी होती, तिच्यावर मिठाचे पांढरे डाग होते.

कुडुगू अकरा किलोमीटरवर होतं, हातात बत्तीस मिनिटं होती. रखडत गेला असता तरी पोचला असता. नोआगाने गाडी पुढे काढली आणि रस्त्यात आडवी लावली. सेराफँ दारावर टेकला, मग सावकाश खाली बसला. नोआगाने गाडीतलं सगळं पाणी त्याच्या डोक्यावर, छातीवर ओतलं आणि डॉक्टरांची वाट न पाहता त्याला आत घेतलं.

कुडुगूच्या तंबूत डॉक्टरांनी त्याला बर्फात झोपवलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं, एवढंच ते म्हणाले.

परदेशी पंचाने नोआगाला बोलावलं. "डॉक्टरला न विचारता थांबवलंस. असं काय दिसलं तुला?"

"उत्तर देत नव्हता."

"कशाला?"

"शिवीला."

पंचाने कारकुनाकडे पाहिलं. कारकून कुडुगूचाच होता. त्याने काही न विचारता लिहून घेतलं. तरी नियम तो नियम. पुढच्या वर्षी गाडी दुसरा चालवेल, असं नोआगाला सांगण्यात आलं.

तंबूबाहेर सेराफँची आई उभी होती.

"ए मोसी! मालकाच्या पोराच्या वाटेत गाडी घालतोस? एवढी हिंमत?"

"चुकलं, मालकीण."

"चुकलं म्हणे! चल तूगाँला. सात दिवस माझी बाजरी कांडशील."

आजूबाजूचे लोक हसले. हे बोलताना तिने त्याचा हात धरला होता, आणि लोक पांगल्यावरही तो सोडला नाही.