कातडीच्या आरपार

चामड्याच्या बॅगा शिवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळी गल्ली बक्कलकाका म्हणे. काकांची हरकत नव्हती; खऱ्या नावाने आपल्याला फक्त बँक हाक मारते, असं ते म्हणत. देवाधर्माबद्दल त्यांची मतं अधूनमधून बदलत, पण एका गोष्टीवरचा विश्वास कधी ढळला नाही: चांगलं कातडं आत काही जाऊ देत नाही. गिऱ्हाइकासमोर बॅगेवर तांब्याभर पाणी ओतून ते आतला कोरडा रुमाल काढून दाखवत.

त्यामुळे काकूंच्या दंडाला पट्टी चिकटवली की औषध आपोआप अंगात उतरेल, हे घरी येणाऱ्या सिस्टरने सांगितलं, तेव्हा त्यांनी केवळ सभ्यपणे मान डोलावली. दुसरा इलाज तरी कुठे होता? काकूंचं दुखणं घशाचं. गोळी उतरेना, सुईला शीर सापडेना, आणि वेदना काही डोळ्याला डोळा लागू देईना.

"औषधाचे कणच तेवढे बारीक केलेत," सिस्टर म्हणाली. "केसाच्या जाडीत शेकडो बसतील. कातडीतून वाट काढत आत जातात."

"आणि रस्ता चुकले तर?"

"नाही चुकत, काका. उद्या जुनी काढून नवी लावा. जागा स्वच्छ हवी आणि कोरडी."

दुसऱ्या दिवशी काकांनी दंड निरखला. सुरकुतलेला, रखरखीत. असं कातडं काही शोषत नाही, आधी त्याला तेल पाजावं लागतं, हे कारागिराला काय सांगायचं? त्यांनी मायेने तेल जिरवलं आणि वर पट्टी लावली. दुपारपर्यंत काकू कण्हायला लागल्या. पट्टी उशीच्या अभ्र्याला घट्ट चिकटली होती.

"उशीला आराम पडला असेल," काकू दात आवळून म्हणाल्या.

सिस्टर आली. "काका, ही बॅग नाहीये." तिने दंड साबणाने धुतला, पुसून कोरडा केला, नवी पट्टी तळव्याने दाबून धरली. काका एवढेसे झाले.

मग ते स्टुलावर बसून राहिले. बघण्यासारखं काहीच घडत नव्हतं. थेंब नाही, आवाज नाही. पट्टी आपली पट्टीसारखी बसलेली. ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा काकूंची आवळलेली मूठ उघडली. मग कपाळावरची आठी गेली. काकांनी शिवण तपासायचं भिंग आणलं आणि पट्टीच्या कडेची कातडी पाहिली. बारीक रेघा, लव, एक तीळ. इतका संसार झाला, ही कातडी त्यांना पाठ होती. तिला इतकी दारं असतील, हे मनातही आलं नव्हतं.

"काय शोधताय?" डोळे मिटूनच काकूंनी विचारलं.

"कुठून गेलं ते."

"सापडलं?"

"नाही गं."

"मग उद्या शोधा. मला झोप येतेय."

स्टूल करकरेल म्हणून काका हललेच नाहीत.